भाडेकरूवर दावा लावण्याआधी घरात काय काय जमवायचं

भाड्याच्या जागेचा दावा रेंगाळला की लोक कोर्टाला दोष देतात. पण बऱ्याच तारखा एखादा कागद सापडत नाही म्हणून जातात, आणि ते शोधाशोधीचं काम आधीच, घरी बसून उरकता येतं. म्हणून सांगलीतल्या विजयनगरला वकिलांकडे निघण्याआधी एक जाड फाइल करा आणि ती घराच्या वरच्या मजल्यावर ठेवा. 2019 च्या महापुरात तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं, हे सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको.

फाइलीत सगळ्यात आधी जागेचं वर्णन हवं. गावभागातल्या जुन्या वाड्यांत घोळ इथेच असतो. जुन्या नगरपालिकेचा घरनंबर वेगळा, 1998 साली महापालिका झाली त्यानंतरचा मिळकत क्रमांक वेगळा, सिटी सर्व्हे नंबर आणखी वेगळा, असं असू शकतं; भाडेपावतीवर मात्र त्यातला एखादाच असतो. मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि घरपट्टीचा असेसमेंट (कर आकारणीचा) उतारा ताजा काढा. कोणत्या मजल्यावरचे किती खण, माप किती, संडास सामायिक की स्वतंत्र, चारी बाजूंना काय, याचा हाताने का होईना नकाशा काढा. पुढे बेलीफ (कोर्टाचा कर्मचारी) ताब्याचं वॉरंट घेऊन येतो तेव्हा हुकूमनाम्यात लिहिलेल्या जागेचाच ताबा देतो. तिथे पूर्वेला बोळ लिहिला असेल आणि प्रत्यक्षात शेजाऱ्याची भिंत निघाली, तर जिंकलेला दावा दारात अडतो.

पावत्या वडिलांच्या नावाच्या आणि वादी मुलगा असेल, तर वारसनोंदीचा कागद जोडा. भाडेकरूसकट इमारत विकत घेतली असेल तर खरेदीखत तपासा: आधीच्या मालकाची थकबाकी वसूल करण्याचा हक्क तुम्हाला स्पष्ट लिहून दिलेला नसेल, तर ती मागता येत नाही.

मग करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं आणि ते खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्सने (ठराविक मुदतीपुरत्या वापराच्या परवानगीच्या कराराने) दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा अर्जांसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) अर्ज करता येतो आणि दुपटीने नुकसानभरपाई मागता येते. दुकानाच्या गाळ्याला हा जवळचा रस्ता नाही. गाळेवाल्यांनी हे करार करतानाच लक्षात घ्यायला हवं.

थकबाकीच्या कारणावर ताब्याचा दावा असेल तर सगळा भार हिशेबावर आणि नोटिशीवर असतो. महिनावार तक्ता करा: भाडं किती ठरलं, किती आलं, कोणत्या तारखेला, रोख की खात्यावर. घरपट्टी, पाणीपट्टीचे रकाने वेगळे ठेवा. पावतीबुकाची स्थळप्रत हरवली असेल तर बँकेचा उतारा आणा. दरसाल 4 टक्क्यांची वाढ कायद्याने मिळते. त्याहून जास्त आकडा नोटिशीत घालू नका. नोटीस पोचल्यापासून 90 दिवस उलटल्याशिवाय हा दावा लावता येत नाही, म्हणून पोचल्याची तारीख फार महत्त्वाची. पोचपावती फाइलीला टाचा. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं तर ते उघडू नका, बंदच ठेवा; कोर्टात ते तसंच, शेऱ्यासकट दाखवायचं असतं. आणि मनाची तयारीही ठेवा: समन्स मिळाल्यावर 90 दिवसांत भाडेकरूने सगळी बाकी 15 टक्के व्याज आणि खर्चासह भरली आणि पुढेही भरत राहिला, तर या एका कारणावर ताबा मिळत नाही.

स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तर तुमच्या इतर सगळ्या जागांची यादी वकिलांना द्या, रिकाम्या खोलीसकट. लपवलेली खोली उलटतपासात बाहेर येते आणि मग खरी गरजही कुणाला पटत नाही.

व्हॉट्सअॅपवरचे निरोप पुरावा म्हणून द्यायचे असतील तर फोन विकू नका, चॅट पुसू नका. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र सोबत लागतं.

मालक मुंबईला आणि मुखत्यार (मालकाने अधिकारपत्र देऊन नेमलेला माणूस) इथे, अशी घरं आपल्याकडे पुष्कळ. मुखत्यार दावा चालवू शकतो, पण जे फक्त मालकाला माहीत आहे त्याबद्दल मालकाच्या जागी साक्ष देऊ शकत नाही. साक्षीला स्वतः यायची तयारी ठेवा.

या सगळ्या काळात पाणी तोडणं, वीज बंद करणं, कुलूप घालणं यातलं काहीही करू नका. पाणी-वीज तोडणं हा भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 खाली गुन्हा आहे. शिवाय बेकायदा बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मिळवू शकतो, मालकी तुमची असली तरी. भाडेकरू मनाईहुकूम आणेल अशी शंका असेल तर वकिलांना कॅव्हेट (आमचं ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका, असा आगाऊ अर्ज) दाखल करायला सांगा; ते 90 दिवस चालतं.

लोकअदालतीत तडजोड होत असेल तर मी तिच्याच बाजूने आहे, कारण तो निवाडा हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो आणि त्यावर अपील नसतं. मात्र जागा सोडण्याची तारीख, तोपर्यंतचं भाडं आणि अनामतीचा हिशेब त्यात स्पष्ट लिहून घ्या. ताबापावतीवर दोघांच्या सह्या, वीजमीटरचं रीडिंग आणि किती किल्ल्या मिळाल्या तेही येऊ द्या.