गाडी उघड्यावरच उभी राहते? मग निदान या चुका टाळा

मुंबईत बाईकला छप्पर मिळणं म्हणजे नशीबच. जुन्या बिल्डिंगींना पार्किंग नाही, चाळीत जिन्याखाली जागा असली तरी तिथे आधीच कोणाचातरी पाण्याचा ड्रम, आणि टॉवरमध्ये स्टिल्ट म्हणजे खांबांखालचं पार्किंग असलं तरी ते कारवाल्यांचं. मग गाडी कंपाऊंडच्या भिंतीला नाहीतर सरळ रस्त्यावर. त्यात एवढं घाबरण्यासारखं काही नाही, बाईक पावसात चालवायलाच बनवलेली असते. भिजली म्हणून गाडी खराब होत नाही, भिजल्यावर वाळायला मिळालं नाही की होते. एवढं लक्षात ठेवलं तर लोक गाडी वाचवायला जे उपद्व्याप करतात त्यातले बरेचसे उलटे का पडतात ते कळेल.

ओल्या गाडीवर कव्हर

सगळ्यात कॉमन चूक ही. ऑफिसवरून भिजत आलो, गाडी लावली, लगेच कव्हर टाकलं आणि वर गेलो. आता ते सिग्नलला मिळणारं पातळ प्लास्टिकचं कव्हर असेल तर आतली वाफ बाहेर जायला वाटच नाही, त्यात इंजिन गरम, म्हणजे रात्रभर आत घाम सुटतो आणि सकाळी कव्हर उचललं की आतल्या बाजूने टपटप पाणी. असं जून ते सप्टेंबर रोज झालं की नट-बोल्ट, स्पोक, सायलेन्सरचा बेंड, सीटखालची पट्टी सगळं तांबूस होणारच. आणि गरम सायलेन्सरला प्लास्टिक चिकटलं की तो डाग घासून घासून हात दुखतात तरी पूर्ण जात नाही.

कव्हर घ्यायचंच तर जाड कापडी, आतून मऊ, वरच्या बाजूला हवेसाठी झडप असलेलं आणि पोटाखालून बकल लागणारं घ्या, आणि तुमच्या गाडीच्या मापाचं घ्या. कव्हर घ्यायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडला गेलात तर आरसे लावलेल्या गाडीवर टाकून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, कारण ढगळ कव्हर वाऱ्याने फडफडतं आणि खाली बारीक धूळ असली तर टाकीवर पॉलिश पेपर मारल्यासारखं होतं. सध्या प्रत्येक गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, सिमेंटची धूळ कुठे नाही? कव्हर टाकायच्या आधी टाकीवर पाणी ओतून धूळ घालवायची, कोरड्या फडक्याने पुसायचं नाही, मग गाडी वाळू द्यायची.

माझं विचाराल तर रोज चालणाऱ्या गाडीला पावसाळ्यात फुल कव्हर नकोच. फक्त सीट आणि टाकीपुरतं रेक्झिनचं छोटं कव्हर पुरतं, इंजिन आणि चेनला वारा लागू दे. सीटची शिलाई उसवलेली असेल तर ती मात्र आधी करून घ्या, स्पंजने एकदा पाणी धरलं की महिनाभर पँट ओली.

टाकीच्या झाकणाचं भोक

याकडे कोणाचंच लक्ष जात नाही. बऱ्याच गाड्यांच्या टाकीचं झाकण थोडं खोलगट बसवलेलं असतं, तिथे पावसाचं पाणी जमतं आणि ते जायला कडेला एक बारीक भोक असतं, त्याची नळी टाकीतून खाली इंजिनमागे निघते. धूळ, पानं, कबुतराचं पीस यांनी ते बंद झालं की पाणी झाकणाभोवती साचून राहतं आणि रबर जुनं असेल तर हळूहळू टाकीत उतरतं. झाकण उघडून ते भोक शोधा, टाकीत नाही तर त्या भोकात चमचाभर पाणी टाका, खाली नळीतून गळलं तर ठीक, नाही गळलं तर पातळ वायर किंवा हवा मारून साफ करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ई-ट्वेंटी म्हणजे २० टक्के, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी वेगळं बसतं आणि इंजिनला नेमकं तेच मिळतं. गाडी झटके द्यायला लागते, मिसिंग होते, आणि मेकॅनिक प्लग बदलत बसतो. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा, रिकाम्या जागेत दमट हवा कमी राहते.

समुद्राजवळ राहत असाल तर

दादर, माहीम, वरळी, वर्सोवा इथल्या गाड्यांना गंज लवकर धरतो कारण हवेतलं मीठ. मीठ स्वतःच ओल धरून ठेवतं, त्यामुळे पाऊस नसला तरी धातू कायम दमट. उपाय साधा, आठवड्यातून एकदा साध्या पाण्याने गाडी धुवा, आणि मुद्दाम खालून, मडगार्डच्या आत, स्पोकच्या मुळाशी. पाण्याचा जोरदार फवारा बेअरिंगवर आणि स्विचवर मात्र मारू नका. धुऊन लगेच उभी करू नका, एक चक्कर मारून या म्हणजे वाळते. धुतल्यावर इंजिनला डिझेल मारून घेणं ही आपल्याकडची जुनी सवय, ती सोडा, त्यावर धूळ चिकटून थर बसतो आणि रबरी नळ्या फुगतात. डिस्कवर एका रात्रीत आलेला तांबूस थर बघून घाबरू नका, दोन-तीन ब्रेक मारले की जातो. त्यावर तेल तर अजिबात लावू नका, ब्रेकच लागणार नाही. तेल चेनला लावायचं, पावसात भिजली की परत लावायचं.

जागा बघून लावा

झाडाखाली सावली मिळते पण पावसाळ्यात फांदीही मिळते, नारळ असेल तर विषयच संपला. सुकलेली फांदी दिसली तर महापालिकेच्या १९१६ वर कळवा. एसीच्या पाण्याखाली, कचऱ्याच्या डब्याशेजारी लावू नका, घुशी आणि उंदीर वायरिंग कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. डांबर गोळ्यांनी थोडे दिवस फरक पडतो, जागा बदलल्याने जास्त पडतो. माती ओली असेल तर साइड स्टँडखाली फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर रात्रीतून स्टँड रुततो आणि गाडी आडवी. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी असेल त्या दिवशी सखल गल्लीतून गाडी काढून चढावर लावा. हिंदमाता, मिलन सबवे भागातल्या लोकांना हे सांगायला नको.

गणपतीला गावी जाताना

पंधरा दिवस गाडी उभी राहणार तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, अलार्म किंवा ट्रॅकर असेल तर नक्कीच. शेजाऱ्याला "रोज पाच मिनिटं चालू कर रे" असं सांगून जाणं हा मोठा गैरसमज. तेवढ्यात बॅटरी धड चार्ज होत नाही, इंजिन पूर्ण तापत नाही आणि जळताना तयार होणारं पाणी सायलेन्सरमध्येच राहून तो आतून सडतो. चालवायचीच तर वीसेक मिनिटं रस्त्यावर फिरवू दे, नाहीतर हातच लावू नको म्हणावं. रस्त्यावर लावत असाल तर तिथे काँक्रीटचं काम निघणार आहे का तेही विचारा, नाहीतर आल्यावर गाडी शोधत तीन गल्ल्या फिरा.

परत आल्यावर चालू होत नसेल तर आधी किल स्विच (हँडलवरचं इंजिन बंद करायचं बटण) आणि साइड स्टँड बघा, हसू नका, अर्धे लोक इथेच अडकतात. नुसतं टक-टक वाजत असेल तर बॅटरी. इंजेक्शनवाल्या गाडीची बॅटरी पूर्ण मेली असेल तर धक्का मारून उपयोग नाही, पंपालाच करंट लागतो. सेल्फ फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर प्लगची कॅप काढून कोरडी करा. मागचं चाकच हलत नसेल तर ड्रमचे लायनर चिकटलेत, न्यूट्रलमध्ये पुढे-मागे ढकला, सुटतात.

आणि गाडी पुरात बुडाली असेल तर सेल्फला बोट लावायचं नाही, काही झालं तरी नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी फोटो काढा, मग टो करून न्या, ऑइल दुधाळ दिसलं तर सगळं काढून टाकायला सांगा.

फोटो कशाला, तर इन्शुरन्ससाठी. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याचा, विमा सक्तीचा आहे आणि लोकांना वाटतं पाच वर्षं सगळंच कव्हर आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, पूर, पडलेली फांदी हे ओन डॅमेजमध्ये येतं आणि तो भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो, पुढे तुम्हीच भरायचा. पॉलिसी उघडून त्याची तारीख आजच बघा, आणि गाडीची दुसरी चावी कुठे ठेवलीय तेही शोधून ठेवा, चोरीच्या क्लेमला दोन्ही मागतात.