‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मधला उपरोध पकडायचा कसा

आमच्या नागपुरात बीए इंग्लिशची पोरं दरवर्षी हेच विचारून राहिली असतात, की यात आयरनी, म्हणजे उपरोध, कुठं आहे, ही तर सरळ लग्नाची गोष्ट आहे. तर पहिले एक करा, पहिलं वाक्य वाचून पुढे पळू नका.

जेन ऑस्टिनची ही कादंबरी 1813 ची. सुरुवातच अशी की पैसेवाल्या सड्या माणसाला बायको हवीच असते हे जगजाहीर आहे. लगेच खालचं वाक्य वाचा ना, तो गावात नवा आला की त्याच्या मनात काय आहे ते माहीत नसूनही शेजारपाजारचे त्याला आपल्याच एखाद्या पोरीचा हक्काचा माल समजून टाकतात. म्हणजे गरज कोणाची? आमच्या महाल भागात कोणाचा पोरगा मिहानमधल्या कंपनीत लागला की त्याच्या लग्नाची घाई त्याच्यापेक्षा शेजारच्या काकूंनाच जास्त असते, तसंच हे. पण नायिका एलिझाबेथची आई मिसेस बेनेट हिला नुसतं हसून सोडू नका बरं, पाच पोरी, मुलगा नाही आणि बाप गेला की इस्टेट नात्यातल्या कॉलिन्स नावाच्या पाद्र्याकडे जाणार, तिची भीती खरी आहे. मला तर तिच्यापेक्षा घरात बसून टोमणे मारणारा नवराच जास्त खटकतो.

मग 19 वा चॅप्टर घ्या, कॉलिन्सचं एलिझाबेथला प्रपोजल. पेन्सिल घेऊन त्याची कारणं मोजा: पाद्र्याने लग्न करून गावापुढे आदर्श ठेवावा, आपण सुखी होऊ आणि तिसरं म्हणजे त्याला आश्रय देणाऱ्या बड्या लेडी कॅथरीनबाईंनी सांगितलं. हे सगळं झाल्यावर गडी म्हणतो, आता फक्त माझ्या प्रेमाचा आवेग सांगायचा राहिला. एलिझाबेथच्या मनाचा विषयच नाही.

खरी मजा 16 व्या चॅप्टरमध्ये आहे आणि ती पहिल्या वाचनात कोणालाच दिसत नाही. विकहॅम नावाचा तरुण फौजी अधिकारी आत्ताच ओळख झालेल्या एलिझाबेथला, श्रीमंत डार्सीने (ज्याच्याशी तिचं शेवटी लग्न होतं) आपल्याशी किती वाईट केलं ते सगळं सांगतो आणि वरून म्हणतो, त्याच्या वडिलांची आठवण आहे तोवर मी त्याला उघडं पाडणार नाही. अरे बावा, आता काय केलं मग तू? पण माणसं ओळखण्यात स्वतःला हुशार समजणारी ही बाई त्याचे विचार ऐकून त्याला मानते आणि तो तिला आणखीच देखणा वाटतो. तिने डार्सीचं पहिलं प्रपोजल नाकारल्यावर विकहॅमचं खोटं उघड करणारं त्याचं पत्र येतं, आणि 36 व्या चॅप्टरमध्ये तिला हे उमगतं, तेव्हा लगेच मागे जाऊन 16 वा परत वाचाच, तेच डायलॉग वेगळे ऐकू येतात.

परीक्षेत आयरनीच्या व्याख्येने पान भरू नका, वाक्य द्या आणि पुढे प्रत्यक्षात काय होतं ते लिहा. शेवटासाठी 56 आणि 60 वा चॅप्टर जोडून वाचा, डार्सीची मावशी असलेली लेडी कॅथरीन त्याचं एलिझाबेथशी लग्न होऊ नये म्हणून येते, एलिझाबेथ डार्सीला नाकारायचं वचन देत नाही, आणि तीच तक्रार बाई डार्सीकडे जाऊन करते म्हणून त्याला परत विचारायची हिंमत येते.