‘प्रभूने मला सांगितलं’ म्हणण्याआधी: पाळकांनो, या चुका टाळा

बारा वर्षांपूर्वी नागपुरातल्या एका दवाखान्यात, आयसीयूबाहेरच्या बाकड्यावर, मी एका आईला म्हणालो, “ताई, प्रभूने मला दाखवलंय, तुमचा मुलगा उठून घरी येणार.” प्रभूने मला काहीही दाखवलं नव्हतं. तिच्या मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत मुलाच्या चपला होत्या, आणि त्या बघून मला गप्प राहवेना. तिसऱ्या दिवशी मुलगा गेला. अंत्यविधी मीच चालवला. त्या वाक्याबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही.

पाळक खोटं बोलतो ते पुष्कळदा असं, माया दाटून आल्यावर. म्हणूनच ते अंगवळणी पडतं. पुढे लिहिलेल्या चुका मी नागपूरच्या सदर भागातल्या जुन्या चर्चमध्ये पाहिल्या, जरीपटक्यातल्या भाड्याच्या हॉलमध्ये पाहिल्या, आणि काही स्वतः केल्या.

आपलं मत प्रभूच्या नावावर सांगणं

सगळ्यांत मोठी चूक ही, आणि बाकीच्या हिच्याच पोटातून येतात. मुलीला अमुक स्थळ बघा, नोकरी सोडू नका, यंदा कमिटीवर उभे राहू नका. सल्ला चांगला असेलही. पण त्याला “प्रभूने सांगितलं” जोडलं की समोरच्याचं तोंड बंद होतं. पाळकाशी वाद घालता येतो, देवाशी कोण घालणार?

करिंथच्या मंडळीला लग्नाबद्दल लिहिताना प्रेषित पौल किती जपून बोलतो ते बायबलमधल्या 1 करिंथ 7 मध्ये बघा. एका ठिकाणी म्हणतो, ही आज्ञा माझी नव्हे, प्रभूची. दोनच वचनांनंतर म्हणतो, हे मी सांगतो, प्रभू नव्हे. अविवाहितांविषयी तर सरळ कबूल करतो की प्रभूची आज्ञा माझ्याजवळ नाही, मी माझं मत देतो. प्रेषिताला हा फरक ठेवावासा वाटला, मग आपण कोण लागून गेलो?

तीन वाक्यं जिभेवर बसवा: “वचनात असं लिहिलंय”, “मला असं वाटतं” आणि “मला माहीत नाही”. तिसरं सुरुवातीला फार जड जातं.

शिवाय घाई करू नका. यिर्मया संदेष्ट्याकडे घाबरलेले लोक आले, मिसरला जावं की नाही हे देवाला विचार म्हणाले. उत्तर यायला दहा दिवस लागले (यिर्मया 42:7), आणि तो दहा दिवस थांबला. आपण सकाळी आलेल्या व्हॉट्सअ‍ॅपला दुपारच्या आत ‘प्रभूचं उत्तर’ धाडतो.

कच्ची साक्ष मंचावर आणणं

आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्याच्या दुखण्याचा झटका येतो, काही दिवसांत ओसरतो, पुन्हा येतो. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेत एक मुलगी रडत पुढे येते, रविवारी दुखणं थांबलेलं असतं, आणि आपण साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते मंडळीपुढे सांगायला, माईक तिच्या हातात देतो: “बरी झाले.” मंडळी हालेलुया म्हणते. घरी आईवडील झटके कमी करणाऱ्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या बंद करतात. पुढचा झटका येतो तेव्हा त्या मुलीला वाटतं, आपलाच विश्वास कमी पडला. हे शेवटचं मी जवळून पाहिलंय. त्या मुलीने माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही.

येशूने कुष्ठरोग्याला शुद्ध केल्यावर याजकाला दाखवायला पाठवलं (मत्तय 8:4). तपासणीची त्याला भीती नव्हती. तेव्हा साक्षीआधी विचारा, डॉक्टर काय म्हणाले, नवा रिपोर्ट आला का. “दुखणं थांबलं, देवाचे आभार” एवढीच साक्ष खरी असेल तर तेवढीच द्यायला सांगा. औषध बंद करा, हे कुणालाही, कधीही सांगू नका.

वचन तोडून वापरणं

मिहानमधल्या (नागपूरच्या औद्योगिक पट्ट्यातल्या) कंपनीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाला यिर्मया 29:11 देणं सोपं आहे. पण ते बाबेलात धरून नेलेल्यांना लिहिलेलं पत्र आहे, आणि एकच ओळ वर सत्तर वर्षांचा हिशेब आहे. तोही वाचून दाखवा. यूट्यूबवर ऐकलेला दुसऱ्याचा अनुभव “माझ्या बाबतीत घडलं” म्हणून सांगणं, ही चोरीच.

दानार्पणाचा क्यूआर कोड

पुठ्ठ्यावर चिकटवलेला कोड स्कॅन केला की नाव कुणाचं येतं? पाळकाचं किंवा त्यांच्या घरच्यांचं येत असेल तर आजच बदला, खातं मंडळीच्या नावाने उघडा. रोख रक्कम दोघांनी मिळून मोजावी, वहीवर दोघांच्या सह्या असाव्यात. यरुशलेमसाठी गोळा केलेलं दान पौलाने एकट्याने नेलं नाही. प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही योग्य ते करावं, असं तो लिहितो (2 करिंथ 8:21). 1970 मध्ये इथेच नागपुरात सहा पंथांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. तिथे निदान कमिटी आहे, ऑडिट आहे. घरात भरणाऱ्या छोट्या संगतीत पास्टरला विचारणारं कुणीच नसतं, तिथे हिशेब विचारणारी दोन माणसं स्वतःहून नेमा.

चुकल्यावर गप्प बसणं

दावीदाला मंदिर बांधायचं होतं. नाथान संदेष्टा म्हणाला, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री परमेश्वराने त्याला वेगळंच सांगितलं, आणि नाथान राजासमोर जाऊन स्वतःचा शब्द फिरवून आला (2 शमुवेल 7).

मला माझा शब्द मागे घ्यायला आठ महिने लागले. त्या ताईंच्या घरी गेलो, म्हटलं, “ते प्रभूने सांगितलं नव्हतं, मीच बोललो होतो.” त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पास्टरजी, तुम्ही त्या दिवशी नुसते बाजूला बसून राहिले असते तरी पुरलं असतं ना.”

त्या रविवारी उपदेशाआधी मंडळीपुढेही कबूल केलं. मागच्या बाकावरून एक काका उठले. हिंगणा रोडवरचा प्लॉट प्रभूची इच्छा नाही म्हणून घेऊ नका, असं मी त्यांना सांगितलं होतं. “मग ते?” त्यांनी विचारलं.

“तेही माझंच मत होतं, काका,” मी म्हणालो.