घरातलं म्हातारं माणूस शेवटी शेवटी जुनं काही सांगायला लागलं तर कसं ऐकायचं

माझ्या आजीने जायच्या महिनाभर आधी एका दुपारी मला कपाटावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. आतल्या बटव्यात मनिऑर्डरची सतरा कूपनं होती. पोस्टमन पैसे देताना फॉर्मचा खालचा तुकडा फाडून हातात द्यायचा ना, ज्यावर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि दोन ओळी मजकुराला जागा असायची, ती. पहिल्यावर 1964 चा शिक्का, शेवटच्यावर 1981 चा, सगळी दिवाळीच्या आसपासची, आधी अकरा रुपये मग एकवीस, आणि प्रत्येकावर परळचा, म्हणजे मुंबईच्या गिरणगावातला पत्ता नि एकच ओळ, खुशाली असावी. नाव आमच्या नात्यातल्या कोणाचंच नव्हतं.

त्या महिन्यात मी काही गोष्टी बरोबर केल्या आणि एक फार मोठी चूक केली. ज्यांच्या घरात आत्ता कोणी अंथरुणाला खिळलंय त्यांना उपयोग होईल म्हणून सगळं लिहितेय.

चूक आधी सांगते. पहिल्याच संध्याकाळी मी आईला आणि आत्याला हाक मारून खोलीत आणलं, बघा आजी काय सांगतेय. आजीने बटवा उशाखाली सरकवला आणि पुढचे नऊ दिवस पेज, औषध आणि कूस बदलणं सोडून एक शब्द बोलली नाही. त्यामुळे पहिला नियम हाच, ज्याला सांगितलंय त्यानेच ऐकायचं. म्हातारी माणसं श्रोता फार विचार करून निवडतात, बहुतेक वेळा पोटच्या मुलाला नाही तर नातवंडाला, सुनेला, कधी दिवसभर सांभाळायला येणाऱ्या मावशींना. मुलाला वाईट वाटतं की मला का नाही सांगितलं, पण ज्याला सांगून काही मोडणार नाही असाच माणूस ते शोधत असतात. तुम्ही तो नसाल तर रागावू नका आणि जो आहे त्याला खोदून विचारू नका.

दुसरं म्हणजे, हे खरं बोलतायत की भ्रमात? हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि "काहीतरी बरळतेय" म्हणून विषय संपवला जातो. जुनं आठवत बसणं हा काही आजार नाही, रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने 1963 मध्येच लिहून ठेवलंय की मरण जवळ दिसायला लागलं की माणूस आपलं आयुष्य पुन्हा पहिल्यापासून चाळतो आणि ते स्वाभाविक आहे. भ्रम वेगळा दिसतो, तो एक-दोन दिवसांत अचानक सुरू होतो, दिवसभरात कमीजास्त होतो, संध्याकाळ-रात्री वाढतो, माणूस खोली ओळखत नाही, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. असं झालं तर ऐकत बसू नका, डॉक्टरांना फोन करा, कारण लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, पोट साफ न होणं किंवा नवीन सुरू केलेलं औषध यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याचदा उपचाराने माणूस ताळ्यावर येतो. पण सकाळी चहा झाल्यावर, तुम्हाला नावाने हाक मारून, तीच गोष्ट त्याच वाडीच्या, त्याच माणसाच्या नावासकट दोन-तीनदा सांगितली तर ती आठवण आहे असं समजून चाला.

वेळ सकाळचीच धरा. पंधरा-वीस मिनिटं खूप झाली, त्यानंतर श्वास लागतो. ज्या कानाने नीट ऐकू येतं त्या बाजूला बसा, टीव्ही बंद, ओठ कोरडे पडतात म्हणून वाटीत पाणी आणि चमचा जवळ ठेवा, आणि हाताला काहीतरी काम असू द्या. मी आजीच्या पायाला तेल लावायचे. डोळ्यात डोळे घालून समोर बसलं की तिला ते चौकशीसारखं वाटायचं, पायाशी बसल्यावर ती वर पंख्याकडे बघत बोलायची.

विचारायचं काय? फार कमी. मग काय झालं, तेव्हा तू कुठे राहायचीस, त्या दिवशी पाऊस होता का, असं. ‘का केलंस’ नको, ‘मग लग्न का नाही केलंत’ तर अजिबात नको, आणि ‘आजोबांना कळलं असतं तर’ हे तर चुकूनही नको. मी ते विचारलं नाही पण चेहऱ्यावर दिसलं असावं, कारण तीच म्हणाली, "त्यांना ठाऊक होतं गो. पोस्टमन दारात आला की ते गोठ्यात जायचे. गुरांना वैरण सकाळीच घातलेली असायची."

आयुष्यभर आम्ही आजोबांना तापट, कोरडा माणूस समजत आलो. मी इतकी वर्षं त्या घरात वाढले आणि त्यांच्याबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट मला ते गेल्यावर बारा वर्षांनी तेल लावताना कळली. म्हणून सांगते, घाईने कोणाची बाजू घेऊ नका, अर्धी गोष्ट ऐकून तर नाहीच.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर विचारून, फोन समोर दिसेल असा ठेवून. लपवून केलेलं रेकॉर्डिंग म्हणजे त्या माणसाने इतकी वर्षं जे जपलं ते चोरणं आहे, माझं मत ठाम आहे. आणि फॅमिली ग्रुपवर काहीही टाकू नका, एकदा गेलं की गेलं. आजी नको म्हणाली म्हणून मी रात्री वहीत लिहायचे, तिचे शब्द तसेच. कॅनडात हार्वी चोचिनोव या डॉक्टरांनी याची एक पद्धतच बसवलीय, शेवटच्या आजारातल्या माणसाशी बोलून, ते उतरवून, त्यालाच वाचून दाखवून दुरुस्त करून घ्यायचं आणि मग त्याला हवं त्याच्या हातात द्यायचं. यातला वाचून दाखवायचा भाग घरीही करता येतो. मी वाचून दाखवलं तेव्हा आजीने एकच दुरुस्ती केली, विहिरीवर नाही, पऱ्ह्यावर (म्हणजे ओढ्यावर) भेटायचो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र स्पष्ट विचारून घ्या: हे कोणाला सांगू? आत्ता, की तू गेल्यावर, की कोणालाच नाही? अंदाज बांधू नका, शब्दात उत्तर घ्या. आजी म्हणाली, आईला सांग पण तेराव्यानंतर, आत्याला नको.

गुपितात दुसरं लग्न किंवा मूल असेल तर मात्र नुसतं ऐकून भागत नाही. मुंबई प्रांतात हिंदूंच्या दुसऱ्या लग्नाला बंदी 1946 च्या कायद्याने आली, आणि 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने देशभर. म्हणजे त्याआधीचं एखाद्या आजोबांचं दुसरं लग्न कायदेशीर असू शकतं, नंतरचं नाही. पण नंतरच्या रद्दबातल लग्नातली मुलंसुद्धा औरस धरली जातात आणि आईवडिलांच्या वाट्यात त्यांना हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये ते अजून स्पष्ट केलंय. त्या मुलासाठी काही ठेवायची इच्छा असेल तर मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात, साक्षीदार शक्यतो ज्यांना काहीच मिळणार नाही असे घ्या. आणि शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला त्याच दिवशी घ्या, नंतर भांडण तिथेच होतं. वकील गाठा, हे सगळं घरच्या घरी उरकू नका.

आता पेटीतल्या वस्तूंचं. जुनी पत्रं मोडी लिपीत असतील तर भाऊकीतल्या कोणाकडून वाचून घेऊ नका, मोडी वाचणारे जाणकार बाहेरही मिळतात. निळी आंतरदेशीय पत्रं घडीवर फाटतात, सारखी उघडबंद करू नका, सेलोटेप लावू नका, एकदा फोटो काढून सपाट ठेवा. तारखा मात्र नीट बघा. त्यानेच आमच्याकडे एक गाठ सुटली.

आजीला चाळीस वर्षं एकच टोचत होतं, 1981 नंतर पैसे येणं का थांबलं. त्या वर्षी पहिल्यांदाच तिने पोस्टकार्ड टाकून कळवलं होतं, आता नातवंड झालंय, पाठवू नका. तिची समजूत की तो त्यावर रागावला. तिने मला विचारलं, तुला काय वाटतं? मला काही वाटतं असं मी म्हटलं नाही, तसं म्हणायचंही नाही, फक्त माहीत होतं ते सांगितलं की 18 जानेवारी 1982 ला मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि पुढच्या दिवाळीलाही संप चालूच होता.

ती बराच वेळ गप्प होती. मग बोटांवर मोजलं. "म्हणजे हाताशीच नव्हते," म्हणाली, आणि पेज मागितली. त्या दिवशी वाटी पूर्ण संपवली.

आईला मी तेराव्यानंतर सांगितलं. तिने कूपनं एकेक करून हातात घेतली, 1973 चं नाहीये हे तिनेच पाहिलं, आणि परत बटव्यात घातली. परळच्या पत्त्यावर जाऊन बघू का असं मी आजीला एकदा विचारलं होतं, ती नको म्हणाली होती, म्हणून गेले नाही.