एनएफएल ड्राफ्ट : बचावफळीतील कोणत्या जागेसाठी निवड खर्च करावी?

अमेरिकन फुटबॉलमधील एनएफएल या व्यावसायिक लीगचा ड्राफ्ट, म्हणजे संघांनी आळीपाळीने करायची नवख्या खेळाडूंची निवड, दरवर्षी एप्रिलमध्ये 7 फेऱ्यांत होतो आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला प्रत्येक फेरीत आधी निवड करण्याचा मान मिळतो. आयपीएलच्या लिलावात पैसे मोजून हवा तो खेळाडू घेता येतो. इथे मोजायचा असतो तो आपला क्रमांक, आणि तो एकदा खर्च झाला की परत मिळत नाही. म्हणूनच ‘आपल्या बचावफळीत कोणती जागा रिकामी आहे?’ हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा मानावा. पहिला प्रश्न असा, की कोणत्या जागेवरचा चांगला खेळाडू खुल्या बाजारात आपल्याला परवडणारच नाही?

या प्रश्नाचे मूळ 2011 च्या कामगार करारात आहे. त्या करारानंतर नवख्या खेळाडूचे मानधन निवडीच्या क्रमांकावरून ठरते, जागेवरून नाही. करार चार वर्षांचा असतो आणि पहिल्या फेरीतील खेळाडूला पाचव्या वर्षी ठेवून घेण्याचा पर्याय संघाकडे राहतो. दहाव्या क्रमांकावर एज रशर (पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकवर कडेने धावून जाणारा) घ्या किंवा सेफ्टी (सर्वांत मागे राहून बचाव करणारा) घ्या, सुरुवातीचा खर्च जवळपास सारखाच येतो. बाजारात मात्र चित्र वेगळे दिसते. 2025 मध्ये एज रशर माइल्स गॅरेटचा नवा करार वर्षाला सरासरी 4 कोटी डॉलरचा झाला, तर त्याच वर्षी सेफ्टी काइल हॅमिल्टनचा करार अडीच कोटींच्या आसपास होता, आणि तोही त्या जागेसाठी विक्रमी ठरला. त्यामुळे दोन खेळाडू तुल्यबळ वाटत असतील, तर वरच्या फेऱ्यांत एज रशर, आतून दबाव आणणारा डिफेन्सिव्ह टॅकल किंवा पास झेलणाऱ्या रिसीव्हरला रोखणारा कॉर्नरबॅक यांनाच प्राधान्य द्यावे.

यानंतर आपली खरी रचना कागदावर मांडावी. संघ स्वतःला 4-3 (पुढे चार लाइनमन, त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर) म्हणवतो की 3-4 (याच्या उलट), याला आता फारसा अर्थ उरलेला नाही, कारण समोरचे संघ बहुतेक वेळा तीन रिसीव्हर घेऊन उतरतात आणि त्यांना उत्तर म्हणून बचावफळी पाच डिफेन्सिव्ह बॅकच्या (कॉर्नर आणि सेफ्टी) निकेल रचनेत खेळते. तेव्हा अकरा नावे निकेलमध्ये लिहावीत : पुढे चार, मध्ये दोन लाइनबॅकर, मागे पाच. असे लिहिले की तिसरा लाइनबॅकर हा जवळजवळ राखीव खेळाडू ठरतो आणि स्लॉटमधला, म्हणजे आतल्या बाजूच्या रिसीव्हरवरचा, कॉर्नर मुख्य खेळाडू ठरतो, हे लगेच ध्यानात येते. फिलाडेल्फिया ईगल्सने 2024 मध्ये 22 व्या क्रमांकावर क्विनयॉन मिचेल आणि 40 व्या क्रमांकावर कूपर डीजीन असे दोन कॉर्नर लागोपाठ घेतले. डीजीन स्लॉटमध्ये स्थिरावला आणि त्याच हंगामाच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, त्याने समोरच्या संघाचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्सचा पास अडवून थेट टचडाउन केला. प्रत्येक नावापुढे करार संपण्याचे वर्षही लिहावे; एप्रिलमध्ये घेतलेला खेळाडू बहुधा दुसऱ्या हंगामात मुरतो, त्यामुळे पुढच्या वर्षी रिकामी होणारी जागा आजच्या भगदाडाइतकीच महत्त्वाची असते.

क्वार्टरबॅकवरचा दबाव आधी की रिसीव्हरवरचा पहारा (कव्हरेज) आधी, हा वाद जुना आहे. माझा कौल पुढच्या फळीला आहे. चौघांनीच क्वार्टरबॅकला गाठले, तर मागे सात जण पासवर लक्ष ठेवायला मोकळे राहतात. त्याच सुपर बोलमध्ये ईगल्सने एकदाही ब्लिट्झ (चारहून अधिक जण क्वार्टरबॅकवर धाडणे) न करता महोम्सला सहा वेळा सॅक केले, म्हणजे पास फेकण्याआधीच पाडले. गंमत अशी, की त्यांपैकी अडीच सॅक (दोघांनी मिळून केलेला प्रत्येकी अर्धा धरतात) 2018 च्या चौथ्या फेरीतील जॉश स्वेटचे आणि दोन 2021 च्या तिसऱ्या फेरीतील मिल्टन विल्यम्सचे होते. त्यांच्या शेजारी खेळणारे जॉर्डन डेव्हिस आणि जेलन कार्टर मात्र पहिल्या फेरीतले होते. लाइनमन आलटून-पालटून खेळतात आणि चौघांसाठी सात-आठ जण लागतात, म्हणून इथे एकदाच मोठी निवड करून थांबू नये, तर जवळपास दरवर्षी एक तरी खेळाडू घेत राहावे.

लाइनबॅकर आणि सेफ्टी यांच्यासाठी थोडी वाट पाहता येते. बॉबी वॅगनर 2012 मध्ये 47 व्या, तर फ्रेड वॉर्नर 2018 मध्ये 70 व्या क्रमांकावर मिळाला. सिएटलचा सेफ्टी कॅम चान्सलर तर 2010 च्या पाचव्या फेरीतला. हॅमिल्टनसारखा अपवाद 14 व्या क्रमांकावर समोर आला, तर नियम बाजूला ठेवावा, परंतु त्याचे काम काय असेल हे निवडीआधी एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. ॲरिझोनाने 2020 मध्ये आयझेया सिमन्सला ‘कुठेही खेळू शकणारा’ म्हणून आठव्या क्रमांकावर घेतले, त्याची जागा शेवटपर्यंत पक्की झाली नाही आणि 2023 मध्ये त्याला सातव्या फेरीतील एका निवडीच्या बदल्यात सोडावे लागले.

त्या वर्षी कोणत्या जागेवर किती चांगले खेळाडू उपलब्ध आहेत, हेही तपासावे. 2024 मध्ये पहिल्या 14 निवडी आक्रमणातल्याच झाल्या आणि इंडियानापोलिस कोल्ट्सला 15 व्या क्रमांकावर बसून त्या ड्राफ्टमधला पहिला बचावपटू, लाएटू लाटू, मिळाला. एकाच तोडीचे चार कॉर्नर शिल्लक असतील, तर क्रमांक विकून थोडे खाली सरकावे आणि जादा निवड पदरात पाडून घ्यावी. असे थांबता यावे म्हणून मार्चच्या फ्री एजन्सीतच (करार संपलेल्या खेळाडूंच्या खुल्या बाजारात) उघडी भगदाडे एक वर्षाच्या स्वस्त करारांनी बुजवून ठेवावीत. ज्या संघाला एप्रिलमध्ये सेफ्टी घेणे भागच असते, तो हमखास एक फेरी आधी घेतो.

सहाव्या-सातव्या फेरीत हिशेब बदलतो. तिथला खेळाडू संघात टिकतो तो मुख्यतः किकच्या वेळी स्पेशल टीम्समध्ये धावण्याच्या बळावर. दीडशे किलोच्या तिसऱ्या नोज टॅकलला (पुढच्या फळीत मधोमध खेळणारा लाइनमन) हे काम जमत नाही, म्हणून या फेऱ्यांत चपळ लाइनबॅकर किंवा सेफ्टी घ्यावा आणि ड्राफ्टमध्ये न निवडल्या गेलेल्या लाइनमनना ड्राफ्ट संपताच फोन लावावेत.