ब्रेकच्या डिस्कला गंज लागू नये म्हणून कोटिंग, कुठे मारायचं आणि कुठे अजिबात नाही

गाडी धुवून रात्रभर उभी ठेवली की सकाळी डिस्कवर केशरी थर दिसतो आणि बरेच जण घाबरतात, पण डिस्क बिडाची असते, ओल लागली की काही तासांत रंग येतोच, चारदोन ब्रेक मारले की पॅड (डिस्कला दाबून घासणारे ठोकळे) तो खरवडून टाकतात. खरा गंज पॅड पोचत नाहीत तिथे धरतो, म्हणजे मधला टोपीसारखा भाग, बाहेरची कडा आणि आत हवा खेळायला ठेवलेल्या फटी. तिथे खपल्या सुटतात, फटी बुजल्या की डिस्क जास्त तापते, आणि हबला (चाक आणि डिस्क ज्यावर बसते तो मधला भाग) ती अशी चिकटते की काढताना हातोडीच घ्यावी लागते. कोटिंग या जागांसाठी आहे, पॅड घासतात त्या चकचकीत पृष्ठभागासाठी नाही.

नवीन घेणार असाल तर सरळ कोटिंगवालीच डिस्क घ्या, जस्ताच्या बारीक कणांचं करडं कोटिंग असतं, पॅडखालचं पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातं आणि बाकीचं राहतं. साधी डिस्क तेल लावून येते, ती मात्र ब्रेक क्लीनरने स्वच्छ पुसल्याशिवाय बसवायची नाही.

जुनीला घरी रंग देणार असाल तर आधी तिच्यावर कोरलेला किमान जाडीचा आकडा बघा, डिस्क त्याच्या जवळ आली असेल तर रंगाचे कष्ट वाया. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून काम करू नका, स्टँड लावाच, आणि कॅलिपर (पॅड धरणारा भाग) होजला, म्हणजे ब्रेक ऑइलच्या नळीला, लोंबकळत न ठेवता तारेने बांधा. मग तारेच्या ब्रशने खपल्या काढा (मास्क लावून, धूळ फुंकायची नाही), ब्रेक क्लीनरने पुसा, तो पूर्ण उडून जाऊ द्या, जवळपास वेल्डिंग किंवा आग नको. दोन्ही घासणाऱ्या बाजूंना मास्किंग टेप. रंग उष्णता सहन करणारा, डब्यावर ५००-६०० अंशांचा असा लिहिलेला घ्या, साधा इनॅमल जळून धूर सोडतो. एक जाड थर देण्यापेक्षा दोन-तीन पातळ द्या, फटींत रंग भरू नका.

आता माझी चूक. उत्साहात मी टोपीच्या आतल्या, हबला टेकणाऱ्या बाजूलाही रंग मारला, कुठे जाड कुठे पातळ. हायवेवर ब्रेक दाबला की पेडल पायाखाली धडधडायचं, आठवडाभर मी पॅडला दोष देत होतो! डिस्कचं डगमगणं साधारण ०.०५ मिलिमीटरच्या आत लागतं, हाताने मारलेला रंग तेवढं सहज बिघडवतो. पॉलिश पेपरने घासून तो भाग कोरा केला, हबचा गंजही काढला, धडधड बंद.

घासणाऱ्या बाजूला तेल, ग्रीस, मेण, गंज सोडवायचा स्प्रे, काहीही लावायचं नाही, ब्रेकच लागणार नाहीत.

बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर ५०-६० च्या वेगावरून १०-१५ पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू आणा, पूर्ण न थांबता, आणि मग थोडं अंतर ब्रेक न मारता चालवून थंड होऊ द्या. धुतल्यावर पण एक चक्कर मारून ब्रेक वाळवा. इलेक्ट्रिक गाडी असेल तर हे जास्तच, कारण तिथे वेग मोटरच कमी करते आणि डिस्क तशीच गंजत बसते.