क्लबमध्ये गाईड डॉगवर मीटिंग ठेवायची असेल तर

गाईड डॉग, म्हणजे अंध माणसाला रस्त्यावर चालायला मदत करणारा ट्रेन केलेला कुत्रा, हा विषय निघाला की कोणीतरी लगेच म्हणतं, "आपण एक लॅब्रॅडॉर घेऊ, ट्रेन करू आणि एखाद्या अंध मुलाला देऊ." भावना खरंच चांगली आहे, पण मीटिंग इथून सुरू झाली की सगळा वेळ ब्रीड, किंमत आणि स्पॉन्सर यातच जातो आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला रस्त्यावर नेमकं काय लागतं हे कोणी विचारतच नाही. म्हणून नाशकातल्या क्लबांसाठी, मग लायन्स असो, रोटरी असो की कॉलनीतलं मंडळ, ही मीटिंग कशी घ्यायची ते सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी पाहुणे. डॉग ट्रेनर नंतर शोधा, आधी रोज एकट्याने घराबाहेर पडणाऱ्या दोन अंध व्यक्तींना बोलवा, जमलं तर एक नोकरी करणारी आणि एक कॉलेजला जाणारी. सातपूरला नॅबचं (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाईंड) काम आहे तिथे चौकशी करा, आणि पांढऱ्या काठीने चालायला शिकवणारे मोबिलिटीचे शिक्षक मिळाले तर त्यांनाही बोलवा. निमंत्रण व्हॉट्सॲपवर टाईप करून पाठवा, डिझाईन केलेलं कार्ड नको, कारण त्या फोटोतलं सगळं स्क्रीन रीडर (फोनवरचा मजकूर वाचून दाखवणारं ॲप) नीट वाचेल याचा भरवसा नसतो. शाल-श्रीफळ द्याच, पण रिक्षाचं भाडं आणि मानधनही द्या, ते आपला कामाचा दिवस सोडून येतात.

तारीख १५ ऑक्टोबरच्या आसपास धरा, तो पांढऱ्या काठीचा दिवस आहे. क्लबचं वर्ष १ जुलैला सुरू होतं त्यामुळे तयारीला वेळही मिळतो, फक्त नवरात्र-दिवाळीचं कॅलेंडर बघून घ्या. हॉलला जिने आहेत म्हणून नाही म्हणू नका, जिना चढायला डोळे लागत नाहीत. आवाज मात्र बघा. गंगापूर रोडला शेजारच्या लॉन्सवर लग्न असेल आणि डीजे सुरू असेल तर ज्याचं सगळं लक्ष कानावर असतं त्याला तिथे बसणंच नकोसं होतं.

पाहुणे आले की दारात उभ्या असलेल्या मेंबरला हे माहीत पाहिजे. आधी आपलं नाव सांगायचं. मग हात धरून ओढायचं नाही, आपला कोपर थोडा पुढे करायचा, ते कोपराच्या वरच्या बाजूला धरतात आणि अर्धं पाऊल मागे चालतात, म्हणजे आपण वळलो, थांबलो, पायरी चढलो हे त्यांना आपल्या दंडावरून कळतं. खुर्चीपाशी आलो की त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर टेकवायचा, बास. खांदे धरून बसवायचं नाही.

इतिहास पाच मिनिटांत उरका पण सांगा जरूर. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबर्गला गाईड डॉग ट्रेन करणारी शाळा निघाली, १९२९ मध्ये अमेरिकेत द सीईंग आय ही तशीच शाळा सुरू झाली. लायन्सवाल्यांसाठी तर हा घरचाच विषय, १९२५ मध्ये स्वतः अंध आणि बधिर असलेल्या लेखिका हेलन केलर यांनी त्यांच्या अधिवेशनात अंधांसाठी काम करा असं आवाहन केलं होतं आणि १९३९ मध्ये डेट्रॉईट भागातल्या लायन्स मेंबरांनी लीडर डॉग्ज ही गाईड डॉग तयार करणारी संस्था उभी केली.

खरा वेळ पुढच्या भागाला द्या, कारण इथे जवळजवळ सगळ्यांचा समज चुकलेला असतो. कुत्रा मालकाला पत्त्यावर नेऊन सोडत नाही. कुठे जायचंय, किती चौक गेले, कुठे वळायचं हे माणूस ठरवतो, कुत्रा फक्त अडथळे चुकवतो, फुटपाथच्या कडेला आणि पायरीपाशी थांबतो, डोक्याला लागेल अशी फांदी किंवा बोर्ड असेल तर बाजूने नेतो. सिग्नलचा लाल-हिरवा तो बघत नाही, रस्ता कधी ओलांडायचा हे माणूस गाड्यांच्या आवाजावरून ठरवतो आणि "फॉरवर्ड" म्हणतो. पण तेवढ्यात एखादी गाडी अंगावर येत असेल तर कुत्रा हुकूम मोडतो आणि जागचा हलत नाही! ट्रेनिंगमधला सगळ्यात अवघड आणि मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग हाच. म्हणूनच पिल्लू साधारण आठ आठवड्यांचं असताना एखाद्या कुटुंबात जातं, वर्षभर किंवा त्याहून जास्त तिथे गर्दी, बस, बाजार यांची सवय होते, मग काही महिने शाळेत ट्रेनिंग, आणि त्यानंतर माणूस आणि कुत्रा एकत्र काही आठवडे शिकतात. एवढं करूनही सगळी पिल्लं पास होत नाहीत. म्हणजे हौशीने घरी करायचं हे काम नाही.

हे हाताला कळावं म्हणून एक डेमो घ्या. या शाळांमध्ये जूनो वॉक म्हणून प्रकार असतो, ट्रेनर स्वतः कुत्र्याच्या जागी हार्नेस (कुत्र्याच्या अंगावरचा हँडल असलेला पट्टा) धरून पुढे चालतो आणि शिकणारा मागचं हँडल धरतो, त्यावरून त्याचा वेग आणि त्याला किती ओढ झेपते हे कळतं. आपण पीव्हीसी पाईपचं यू आकाराचं हँडल करायचं, एकाने पुढे धरायचं, दुसऱ्याने मागे. वळताना हँडल कसं फिरतं, थांबताना ओढ कशी सुटते ते लगेच जाणवतं. डोळ्यांवर पट्टी बांधायचा खेळ मात्र करू नका, त्यातून फक्त भीती आणि कीव घेऊन लोक घरी जातात, सरावाने येणारं कौशल्य त्यात दिसतच नाही.

मग नाशिकचा प्रश्न पाहुण्यांनाच विचारा, कुत्रा मिळाला तर इथे चालेल का? भटक्या कुत्र्यांचा विषय निघेलच, कामावरच्या कुत्र्याच्या अंगावर चार कुत्री धावून आली तर तो एकाग्र कसा राहणार. एप्रिल-मेमध्ये डांबरावर पंजे भाजतात. मेनरोड, रविवार कारंजा भागात फुटपाथ सापडला तरी त्यावर टू-व्हीलर असतात. शिवाय गाईड डॉगसाठी अर्ज करणाऱ्याला आधी काठीने एकट्याने फिरता आलं पाहिजे अशी बहुतेक शाळांची अट असते आणि परदेशातही बहुतेक अंध लोक काठीच वापरतात, कुत्रा असणारे थोडेच. म्हणून क्लबचा पैसा आधी मोबिलिटी ट्रेनिंग आणि चांगल्या काठ्यांवर जावा असं माझं स्पष्ट मत आहे. कुत्र्यासाठीच द्यायचा असेल तर ट्रेनिंग देणाऱ्या मान्यताप्राप्त शाळेला द्या, पिल्लू विकत घेऊन कोणाच्या घरी सोडू नका.

हार्नेस घातलेला कुत्रा दिसला तर हाक मारायची नाही, हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही आणि बोलायचं ते माणसाशी, हे मुलांना आवर्जून सांगा.

शेवटी ठराव एकच करा पण करता येईल असा. पाहुणे रोज जातात तो एक रस्ता त्यांच्यासोबत चालून बघा, समजा कॅनडा कॉर्नर ते सीबीएस, उघडी चेंबर, मधले खांब, कमी उंचीचे बोर्ड यांचे जागेसकट फोटो काढा आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचा उल्लेख करून महापालिकेला पत्र द्या. पत्र कोण नेणार आणि पोच कोण आणणार त्यांची नावं तारखेसकट प्रोसिडिंगमध्ये लिहा, आणि पत्राचं पुढे काय झालं ते दर महिन्याला त्या दोन पाहुण्यांना फोन करून कळवा.